तपकिरी शेंबूड, बुडबुडे आणि मेलेल्या गोगलगायी: डायनोच आहेत, पण कुठले ते आधी बघा

ताई, गॅसवर पातेलं चढवलं असेल तर आधी ते उतरवा, बाकीचं मग बोलू.

तुमच्या प्रश्नात कळलं ते असं. खारघरला दहाव्या मजल्यावर ३ फुटी मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक, १० महिने झाले, ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव दगडावर) सुरू केलेला, २ क्लाउन मासे, आणि झोआ, मश्रूम, एक टोडस्टूल लेदर अशी कोरल. महिन्याभरापासून रॉकवर आणि वाळूवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी येतंय, त्यात बुडबुडे अडकलेले असतात, ५ टर्बो गोगलगायी मेल्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आठवड्यातून दोनदा पाणी बदलताय तरी वाढतच चाललंय. दुकानदाराने शेवाळाचं औषध दिलंय, ते टाकू का, की सगळा रॉक काढून उकळून पहिल्यापासून सुरू करू, असं विचारलंय.

उकळायचं अजिबात नाही. तुमच्या रॉकवर झोआ आहेत, आणि झोआंच्या जातीतल्या बऱ्याच प्राण्यांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. माहीत असलेल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांपैकी ते एक. पाण्यात असतं तोवर सहसा आपलं काही बिघडत नाही, पण असा रॉक उकळला किंवा गरम पाण्याखाली धरून ब्रशने घासला की ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. परदेशात यामुळे घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, कुत्र्यामांजरांसकट. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) तुमच्या टँकमध्ये आलाय असा मला संशय आहे तो ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा डायनोसुद्धा (तो शेंबूड करणारा सूक्ष्म जीव) याच कुटुंबातली विषं बनवतो. २००५ साली इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस इतका माजला होता की समुद्राच्या वाऱ्यानेच लोकांना ताप, खोकला, घसा धरणं असं व्हायला लागलं, २००च्या आसपास लोकांना उपचार घ्यावे लागले. घरातल्या टँकमुळे तसं होईल असं मी म्हणत नाहीये, घाबरू नका. पण हातमोजे घाला, सायफनचा पाइप तोंडाने ओढायची सवय असेल तर आजपासून बंद, आणि काढलेला चिखल किचनच्या सिंकमध्ये न ओतता थेट टॉयलेटमध्ये.

औषधही टाकू नका, निदान आत्ता तरी. कारण सांगतो.

डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, एका पेशीचे जीव, दोन शेपट्या असतात, त्याच्या जोरावर फिरतात. यांचं खानदान फार मोठं आहे. २०२०च्या नोव्हेंबरात जुहूला रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा बघायला लोक गेले होते आठवतंय, तो नॉक्टिल्युका, तोही डायनोच. आणि मुख्य म्हणजे तुमच्या मश्रूमच्या, झोआच्या, लेदरच्या अंगात राहून त्यांना उन्हापासून अन्न करून देणारी जी झूझॅन्थेली असते तीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहे! म्हणजे डायनो मारायचं औषध टाकायचं म्हणजे चोर आणि घरजावई दोघांना एकाच काठीने हाणायचं. काही लोकांचं औषधाने जमतं, नाही असं नाही. पण मी बघितलेल्या टँकपैकी निम्म्यांत कोरल आधी पांढरं पडलं आणि डायनो तीन आठवड्यांनी पुन्हा हजर. त्यात दुकानातून मिळालेली ती पुडी लाल शेवाळाची म्हणजे सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) असेल तर आणखीनच वाईट, कारण सायनो मेला की रिकामी झालेली जागा डायनोच घेतो.

आता हे आलं कुठून. तुम्ही लिहिलंय की "मी इतकी स्वच्छता ठेवते, रोज काच पुसते, फॉस्फेट रिमूव्हर लावलाय, तरी असं का". ताई, तरी नाही, म्हणूनच. आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे घर चांगलं हे डोक्यात इतकं बसलेलं आहे की टेस्ट किटवर शून्य आलं की आपण खूश होतो. टँकमध्ये हिरवं शेवाळ, डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ), हजार प्रकारचे बॅक्टेरिया यांची सतत जागेसाठी मारामारी चालू असते, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी. या सगळ्यांना नायट्रेट-फॉस्फेट लागतं. ते शून्यावर नेलं की ते उपाशी मरतात. डायनो मात्र मरत नाही, कारण तो प्रकाशावरही जगतो आणि वेळ पडली तर बॅक्टेरिया धरून खातोही. त्याला फक्त बाकीचे उठून जायला हवे असतात. त्यात ड्राय रॉक, म्हणजे आधीच निर्जीव सुरुवात, वस्तीच नाही, आणि वरून आठवड्यातून दोनदा पाणी बदलून उरलेसुरलेही बाहेर. डायनो असताना पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी जास्त फोफावतो हे माझ्यासकट बऱ्याच जणांनी पाहिलंय. तुम्हालाही जाणवलं असेल, नीट आठवून बघा.

मी स्वतः यातून गेलोय. वर्तकनगरच्या घरात माझा ४ फुटी होता तेव्हा मला अल्ट्रा लो न्यूट्रिएंटचं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्यावर ठेवायचं, भूत चढलं होतं. लोहाचं फॉस्फेट रिमूव्हर रिअॅक्टरमध्ये, रोज व्हिनेगर डोस (बॅक्टेरिया वाढवून नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला), आणि मासे अर्धपोटी. कोरलचे रंग सुरुवातीला एकदम पेस्टल, फोटो काढून काढून मित्रांना पाठवायचो. दीड महिन्यात सगळ्या वाळूवर गंजाच्या रंगाचा थर. मी रोज सायफन करायचो, रोज दुपारी परत. तीन महिने असे घालवले. शेवटी काय चुकत होतं तर मी शत्रूचं नावच विचारलं नव्हतं.

तर पहिलं काम, ओळख पटवणं.

तपकिरी दिसणारं सगळं डायनो नसतं. नवीन टँकमध्ये येणारा डायटम तपकिरीच असतो, पण तो भुकटीसारखा, हात लावला की धुरळा उडतो, तार येत नाही, आणि बहुतेक वेळा पाण्यातल्या सिलिकेटमुळे येतो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या फिल्टरचं) रेझिन लवकर संपतं आणि मग हा दिसतो. (घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरत असाल तर तेही बघा, त्यात बऱ्याचदा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे तो मुद्दाम थोडं कच्चं पाणी मिसळतो. डीआयनंतर टीडीएस मीटरवर ० यायला हवं.) सायनो असेल तर पापुद्रा निघतो, दुधावरच्या सायीसारखा अख्खा. डायनोला तार असते, बुडबुडे असतात, आणि त्याचं घड्याळ असतं. सकाळी लाइट लागायच्या आधी टँक बराच साफ दिसतो, दुपारी तीन-चारपर्यंत परत सगळं लिबलिबीत. ते बुडबुडे म्हणजे त्यानेच दिवसभर बनवलेला ऑक्सिजन, शेंबडात अडकलेला.

घरच्या घरी एक टेस्ट करता येते. दुपारी सिरिंजला एअर पाइपचा तुकडा लावून रॉकवरचं थोडं ओढा, टँकच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा, अगदी कोल्ड कॉफी करताना हलवतो तसं. मग किचन टिश्यूच्या दोन पदरांतून किंवा कॉफी फिल्टरमधून दुसऱ्या ग्लासात गाळा. गाळलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. तो ग्लास खिडकीत नाहीतर टँकच्या लाइटखाली तासभर ठेवा. तासाभराने ग्लासात परत कोळिष्टकासारखे धागे जमले असतील तर डायनो. पेशी टिश्यूतून निघून गेल्या आणि पुन्हा एकमेकींना धरून बसल्या. डायटम किंवा सायनो असं करत नाही.

पण हे फक्त घराणं सांगतं. कुठला डायनो ते कळायला मायक्रोस्कोप लागतो, आणि इथे लोक कंटाळा करतात. शाळा-कॉलेजच्या लॅबला लागतो तसला साधा, ४०० पट दाखवणारा पुरतो. दोन-चार मित्रांत मिळून घ्या, नाहीतर कॉलनीत कुणाची मुलगी मायक्रोबायॉलॉजीला असेल तर तिला चहाला बोलवा. मी ऐरोलीतल्या एका घरी अशीच स्लाइड लावली होती, डायनिंग टेबलवर, एका बाजूला पोह्यांच्या डिशा, आणि तिथल्या आजी म्हणाल्या मला पण बघू दे. बघून म्हणाल्या, "अरे हे तर खुंट्याला बांधलेलं वासरू आहे." मी इतकी वर्षं लोकांना समजावत होतो पण इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं. ऑस्ट्रिऑप्सिस तसाच असतो. आकार थेंबासारखा, किंवा तिळासारखा म्हणा, एक टोक निमुळतं, आणि त्या टोकाशी न दिसणारी तार, तिच्याभोवती तो गोल गोल फिरत राहतो, दावं ताणून फिरणाऱ्या वासरासारखा. ते एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही.

दुसरा नेहमीचा म्हणजे अॅम्फिडिनियम. हा लांबट गोल, पुढे छोटीशी चोच, आणि चालतो कसा तर पावडर टाकलेल्या कॅरम बोर्डवर सोंगटी घसरते तसा, सरळ, गुळगुळीत, मध्येच दिशा बदलतो. हा बहुतेक वाळूत असतो, गंजाच्या रंगाचे पॅच, तारा कमी. प्रोरोसेन्ट्रमही दिसतो कधीकधी, चपटा गोल आणि मधोमध ठिपका. कूलिया जवळजवळ गोलच, त्याचा उपाय ऑस्ट्रिऑप्सिससारखाच, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी की ऑस्ट्रिऑप्सिस रात्री रॉक सोडून पाण्यात तरंगायला येतो, आणि मोठा अॅम्फिडिनियम येत नाही, तो वाळूतच दडी मारतो. सगळी लढाई या एका फरकावर आहे. पहिल्याला यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून नेऊन त्यात तरंगणारे जीव मारणारं यंत्र) लावली तर आठवड्यात फरक, दुसऱ्याला तीच यूव्ही वर्षभर लावली तरी ढिम्म, फक्त लाइटचं बिल. लोक म्हणतात यूव्हीने माझं काहीच झालं नाही, यूव्ही फालतू आहे. अहो स्लाइड बघितली होती का, तर नाही.

तुमच्या गोगलगायी मेल्यात, तारा आहेत, रॉकवर आहे, तर माझा अंदाज ऑस्ट्रिऑप्सिस. पण अंदाजच. दोन्ही एकत्रही असतात.

आता काय करायचं. काही गोष्टी प्रकार कुठलाही असला तरी आजपासूनच. पाणी बदलणं बंद. फक्त बाष्पीभवनाची टॉप-अप. फॉस्फेट रिमूव्हर काढा, व्हिनेगर-व्होडका काही डोस करत असाल तर थांबवा. अॅक्टिव्हेटेड कार्बन मात्र लावा, चांगल्यापैकी, आणि दर चार-पाच दिवसांनी बदला, विष शोषायला तेवढंच हाताशी आहे. माशांना पोटभर खायला घाला. अल्कलिनिटी ८ dKHच्या आसपास स्थिर ठेवा. गोगलगायी आता नवीन आणू नका, बिचाऱ्या तेच खातात आणि मरतात.

मग नायट्रेट आणि फॉस्फेट हाताने वर न्यायचं. इथे लोकांची छाती होत नाही, आयुष्यभर जे खाली आणलं तेच पैसे देऊन विकत आणायचं म्हणजे काय. पण हाच पाया आहे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात आणायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, एकदाही शून्याला टेकू द्यायचं नाही.

तुमच्या टँकमध्ये संप (खालची फिल्टरची टाकी) धरून रॉक-वाळू वजा जाता साधारण २०० लिटर पाणी असेल. केमिकल सप्लायरकडून शुद्ध प्रतीचं सोडियम नायट्रेट घ्या, खताच्या दुकानातलं नको. १ ग्रॅम विरघळवून टाकलं की २०० लिटरमध्ये नायट्रेट साधारण ३.६ पीपीएमने वाढतं. पहिल्या दिवशी तेवढंच, दुसऱ्या दिवशी टेस्ट, मग पुढचं. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, पण बाटलीवर डोडेकाहायड्रेट लिहिलंय का बघा, कारण निर्जल प्रकारात त्याच वजनात दुपटीहून जास्त फॉस्फेट असतं आणि तिथे हिशेब चुकतो. डोडेकाहायड्रेट ४ ग्रॅम, १ लिटर आरओडीआय पाण्यात. या द्रावणाचे १० मिली म्हणजे तुमच्या टँकला ०.०५ पीपीएम. सुरुवात ५ मिलीने. हे द्रावण चांगलंच अल्कलाइन असतं, एका जागी भसकन ओतू नका, वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात थेंब थेंब सोडा.

होणार काय, तर संध्याकाळी ०.०५ टाकलं आणि सकाळी परत ०.०१. घाबरायचं नाही आणि चिडून दुप्पटही टाकायचं नाही. ड्राय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो फॉस्फेट स्वतःकडे ओढून घेतो, जमिनीत पहिला पाऊस मुरतो तसं. रोज त्याच वेळी मोजायचं, रोज टाकायचं, एक-दोन आठवड्यांनी आकडा थांबायला लागतो. रंग बघून सांगायच्या किटवर ०.०२ आणि ०.०५ मधला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, मी तरी हॅना चेकरच (आकडा दाखवणारं डिजिटल मीटर) वापरतो. तुमच्याकडे फॉस्फरसचा पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवणारा असेल तर आकड्याला ३.०६६ने गुणून हजाराने भागा, म्हणजे १६ आलं की झालं साधारण ०.०५.

आणि हो, टेस्टवर शून्य आलं म्हणजे टँकमध्ये काहीच नाही असंही नसतं, तुमचं जे काही आहे ते डायनोच्या पोटात गेलेलं असतं.

ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर यूव्ही. दर ११-१२ लिटरला १ वॉट धरा, म्हणजे तुम्हाला १८ वॉटच्या आसपास, ५-७ वॉटची खेळणी घेऊ नका. पाणी हळू जाऊ द्या, तासाला ४००-६०० लिटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यूव्हीचा पंप मेन टँकमध्ये ठेवा, पाणी मेन टँकमधूनच घेऊन तिथेच सोडा. संपमध्ये लावून उपयोग अर्धाही होत नाही कारण रात्री तरंगायला येणारी जनता वरच्या टँकमध्ये असते. दिसायला वाईट दिसतं, काचेवर दोन पाइप लटकतात, महिनाभर सहन करा. दिव्याचं वयही बघा, सेकंडहँड घेतलीत आणि बल्ब वर्षाहून जुना असेल तर निळा उजेड दिसतो पण मारायची ताकद गेलेली असते. आतली क्वार्ट्झची नळीही पुसून घ्या.

यूव्ही लावली की जोडीला तीन दिवस ब्लॅकआउट. लाइट बंद, टँकला जुन्या चादरी गुंडाळा, खारघरला दहाव्या मजल्यावर तुमच्याकडे ऊन भरपूर येत असणार, तेव्हा फट राहू देऊ नका. त्या आधी संध्याकाळी रॉकवरचा जेवढा शेंबूड निघेल तेवढा सायफन करा, पण पाणी फेकायचं नाही, १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर सॉकमधून (कापडी पिशवीतून) गाळून तेच पाणी परत. तीन दिवस कोरलला काही होत नाही. मासे एकदा थोडंसं खातील. या दिवसांत धोका वेगळाच असतो, ऑक्सिजनचा. प्रकाश नाही म्हणजे ऑक्सिजन बनत नाही, वर मेलेले डायनो कुजताना असलेला खातात. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू, फेस जरा ओला काढा, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड पडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, त्या दिवशी ज्यांच्याकडे तो छोटासा पंप होता त्यांचे मासे वाचले. असा दिवस तुमच्या ब्लॅकआउटमध्येच येणार नाही कशावरून.

नुसता ब्लॅकआउट करून मात्र भागत नाही. माझे एक घणसोलीचे क्लायंट गणपतीला कोकणात गेले सात दिवस, नेमका टायमर बिघडला, लाइट लागलेच नाहीत. परत आले तर टँक चकाचक. मला फोन, "बाप्पाने केलं बघा." मी म्हटलं नायट्रेट मोजा. शून्य. दहा दिवसांनी पुन्हा फोन, यावेळी बाप्पाचं नाव नाही. जागा रिकामी केली पण तिथे दुसरं कुणी बसायला नव्हतं, तोच परत येऊन बसला.

अॅम्फिडिनियम निघाला तर मनाची तयारी वेगळी ठेवा, सहा-आठ आठवडे, कधी दहा. तिथे ब्लॅकआउट नको, यूव्ही नको, वाळू रोज ढवळणंही नको. तिथे आपण डायटमला मुद्दाम आमंत्रण देतो. डायटमला कवच बनवायला सिलिका लागते, डायनोला लागत नाही, म्हणून सोडियम सिलिकेट थोडं थोडं टाकून सिलिकेट १ पीपीएमच्या आसपास ठेवायचं. वाळूवर आधी आणखी तपकिरी दिसतं आणि घरचे म्हणतात हे काय वाढवून ठेवलंय. पण स्लाइडवर बघितलं तर घसरणाऱ्या सोंगट्या कमी आणि काचेच्या होड्यांसारखे डायटम जास्त. डायटम वाढला की तो नायट्रेट-फॉस्फेटही भराभर खातो, त्यामुळे मोजणं रोज, एक दिवस चुकवलात तर परत शून्य. मी स्वतः आधी या उपायाला हसलो होतो. वाशीच्या एका टँकमध्ये बाकी सगळं करून थकलो तेव्हा केला, आणि सातव्या आठवड्यात वाळू पांढरी दिसली. तेव्हापासून हसत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडचंही कुणीतरी सांगेलच. ३ टक्क्यांचं, ३८ लिटरला १ मिली असा तो डोस असतो, पण आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं ते बहुतेक वेळा ६ टक्के असतं, लेबल न वाचता टाकलं तर दुप्पट झालं, आणि क्लीनर श्रिम्पला पेरॉक्साइड सोसत नाही. मी फार वापरत नाही.

शेवटी वस्ती वसवणं. परदेशी व्हिडिओत सांगतात समुद्रातला ताजा लाइव्ह रॉक टाका. तो सल्ला इथे लागू नाही. मालवण, रत्नागिरीला गेलात म्हणून पिशवीत रॉक आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या शेड्यूल १मध्ये २००१ पासून सगळे दगडी कोरल आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि किनाऱ्यावरच्या त्या दगडाला काय चिकटलंय हे तुम्हालाही कळणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तिथून ओरबाडून आणायचं कशाला. (एकाने मला विचारलं होतं की ठाणे खाडीचं पाणी टाकू का, फ्लेमिंगो जगतात की त्यात. नका टाकू.) त्यापेक्षा ज्याचा टँक तीन-चार वर्षं जुना आणि धडधाकट आहे अशा मित्राकडून एक वाटी ओली वाळू आणि चार रॉकचे तुकडे मागून आणा, तुकड्यांवर एप्टेशिया (उपद्रवी सी अॅनिमोनी) नाही ना ते भिंगाने बघून घ्या, आणि कोरडे पडू न देता पाण्यातच घरी आणा. कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) सोडा, रात्री सोडा, लाइट बंद झाल्यावर. फायटोप्लँक्टन (तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) रोज थोडं. यूव्ही चालू असेल तर पॉड-फायटो सोडल्यावर काही तास ती बंद ठेवा, नाहीतर पाहुण्यांना बोलावून दारातच झोडपल्यासारखं.

पुढे काय दिसेल ते सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच घाबरून पाणी बदलणार नाही. यूव्ही योग्य बसली तर तीन ते पाच दिवसांत तारा कमी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी लाल सायनोचा पट्टा येईल. येऊ द्या. मग काचेवर, ओव्हरफ्लोवर हिरवं शेवाळ धरेल. ज्या दिवशी हिरवा केसाळ पुंजका दिसेल त्या दिवशी पेढे आणा, खरंच, कारण याचा अर्थ जागा भरायला लागली. ते हिरवं नंतर गोगलगायी खातील, पण नवीन गोगलगायी शेंबूड गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आणि आधी एकच आणून बघा. पाणी बदलणं त्यानंतर, १० टक्क्यांपासून, आणि बदलाच्या दुसऱ्या दिवशी नायट्रेट-फॉस्फेट मोजूनच. यूव्ही लगेच काढू नका, अजून दोन महिने राहू द्या.

सासूबाई टँक विकून टाका म्हणतायत असं लिहिलंय, त्यांना सांगा एवढ्यात कुणी घेणार पण नाही.

आता उद्या एवढं करा. दुपारी तीननंतरचा नमुना घ्या, सकाळचा नको, सकाळी ते रॉकवर नसतात. मायक्रोस्कोप मिळाला तर मोबाइलचा कॅमेरा आयपीसला टेकवून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि इथे टाका, फोटो नको, फोटोत हालचाल दिसत नाही. वासरू फिरतंय की सोंगटी घसरतेय तेवढं मला दिसलं पाहिजे. तोवर यूव्हीची ऑर्डर थांबवा, नायट्रेट-फॉस्फेटची देऊन टाका.